एकशे सत्त्याऐंशी घरांची फाईल

घणसोली आणि तळवलीच्या मधे एक गाव दाटीवाटीनं उभं आहे. त्याच्या मागल्या आळीत क्रांती मढवीचं टायपिंगचं दुकान. दुकान कसलं, घराची पडवीच. एक कम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि बसायला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, त्यातली एक तडकलेली. जमिनींसाठी गावं रस्त्यावर उतरली त्या साली जन्मली, म्हणून बापसानं नाव क्रांती ठेवलं. जमीन गेली ती गेलीच, पोरगी तेवढी घरात आली, असं तिची आयस चारचौघांत बोलायची.

बाई तोंडानं फाटकी, हातानं चोख. बोलायची गावाचंच. शाळेतल्या बाईंनी पाण्याचा ण घोटून घ्यायचा लई प्रयत्न केला, पण गावानं तो ण शाळेच्या फाटकाबाहेर कधी येऊ दिला नाही. क्रांतीही पानीच म्हणायची. टाइप करताना मात्र पाणीच उमटायचं, एक मात्रा इकडची तिकडं नाही.

हे शिकली ती जुईनगरला, दिनानाथ तावड्यांच्या छापखान्यात. चौदा वर्षं काढली तिथं. पहिल्या वर्षी तिच्या हातून एका लग्नाची पत्रिका बिघडली. तेव्हाचे मराठी फॉन्ट लबाड होते. पडद्यावर दिसायचं मराठी, पण पोटात बसलेलं असायचं इंग्रजी अक्षर. फॉन्ट त्या मशीनवर असला तर ठीक, नसला की पोटातलं सगळं बाहेर. क्रांतीनं फाईल दुसऱ्या छापखान्याला पाठवली, फॉन्ट पाठवायचा राहिला. तिकडच्या ऑपरेटरनं न बघता छपाईची प्लेट काढली. पाचशे पत्रिकांवर नवरीच्या नावाच्या जागी डॉलरची खूण, टक्क्याची खूण आणि पाचसहा इंग्रजी अक्षरं. लग्नाला आठ दिवस होते. नवरीचा बाप दारोदार फिरून तोंडानं आमंत्रणं करत राहिला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर क्रांतीला बरं वाटलं असतं.

दिनानाथकाकांनी तिला समोर बसवून सांगितलं, "हे बघ पोरी, फाईल दुसऱ्या घरी धाडायची म्हणजे पोरगी सासरी धाडायची. कपडे बरोबर द्यायचे. तिकडे मिळतील असं धरून चालायचं नाही."

तेव्हापासून पीडीएफ करताना ती फॉन्ट आत बांधला गेलाय का ते आधी बघायची. मग ती पीडीएफ दुसऱ्याच कुठल्या मशीनवर उघडायची, पहिलं, मधलं आणि शेवटचं पान वाचायची, आणि तेव्हाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायची, "कपरं घालू दे तिला, मंग ने."

दोन वर्षांपूर्वी गावात सरकारी कार्यालयाची नोटीस आली. वाढत्या पोरांसाठी लोकांनी गावठाणाच्या कडेनं घरं बांधली होती, त्यांचे दावे मागवले होते. ज्याचा दावा मान्य होईल त्याचं घर कायम. ज्याचा दावाच नाही, ते घर कधीही पाडता येईल. दावे एकेकट्यानं नाही द्यायचे, गावाच्या समितीनं एकत्र द्यायचे. एकच पीडीएफ, कार्यालयाच्या साइटवर चढवायची. पुढं घरांची यादी, मागं पुरावे, आणि यादीतल्या घरावर टिचकी मारली की त्याच घराचे पुरावे उघडले पाहिजेत.

समितीचा अध्यक्ष इंद्रजित. रेती-सिमेंटचा धंदा, पांढरी गाडी, आणि गावच्या कमानीवर वर्षाचे बारा महिने स्वतःचा फोटो. कधी वाढदिवस, कधी नवरात्र, कधी दहावीच्या पोरांचं अभिनंदन, फोटो तोच. पण माणूस फुकट नव्हता. कार्यालयात गावच्या इतर कुणाला शिपाई आत सोडत नसे, इंद्रजितला साहेब खुर्ची द्यायचा.

काम क्रांतीकडं आलं. एकशे सत्त्याऐंशी घरं. त्यातलं एक तिचं स्वतःचं.

चार महिने पडवीत जत्रा होती. माणसं पिशव्या भरभरून कागद आणत. विजेची बिलं, मतदारयादीचे तुकडे, घरपट्टीच्या पावत्या, वाळवी लागलेली रेशनकार्डं. नंबर कुणालाच ठाऊक नाही. चिंचेखालचा घर, पिठाच्या चक्कीमागचा घर, दोन दरवाज्यांचा घर, अशीच ओळख. एकट्या पोपट मढवी नावाचे गावात चार जण, त्यातले दोन मेलेले, आणि चौघांच्या नावावर मीटर.

राजाबाई नावाची शेजारची म्हातारी आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लिव. राजाबाईचा घर."

"काकी, कया हाय ता लिवायला लागंल."

"तुज्या घराच्या बाजूला."

"साहेबाला माजा घर ठाव नाय ना."

"मंग त्याना सांग, ये आन बघ. तवरा चालायला काय जाला त्याला?"

क्रांती हसली आणि लिहिलं तिनं नीटच, चतुःसीमेसकट. पुरावे स्कॅन करून मागं लावले. साडेसातशे पानं झाली. मग एकेका घराच्या नावाला त्याच्या पानाची लिंक दिली. लिंक म्हणजे काय, हे म्हाताऱ्यांना तिनं असं सांगितलं, "दोरी समजा. एक टोक तुमच्या घराला बांधला, दुसरा तुमच्या कागदाला. साहेबानं हिकरचा टोक खेचला का कागद वर."

फॉन्ट तिनं जुनाच वापरला. बोटांना तोच सवयीचा, आणि गावाची जुनी यादी त्याच फॉन्टमध्ये होती. नव्यात बदलायला गेलं की वेलांट्या उड्या मारायच्या, नावंच्या नावं फिरायची. पीडीएफमध्ये फॉन्ट बांधून द्यायचा आहे, मग चिंता कसली, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर होता.

शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी गावदेवीच्या सभामंडपात फाईल दाखवायचं ठरलं. भिंतीवर चादर, समोर प्रोजेक्टर. क्रांतीनं यादी उघडली. कुणी म्हटलं चिंचेखालचा, तिनं टिचकी मारली, चिंचेखालच्या घराचं जुनं वीजबिल चादरीवर. कुणी म्हटलं चक्कीमागचा, टिचकी, घरपट्टीची पावती. चार पोपट मढव्यांचे चार मीटर चार घरांना बरोबर लागले, तेव्हा जिवंत असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. माणसं खूश झाली. बायकांनी पदराआड काहीबाही बोलून घेतलं. आपलं घर भिंतीवर बघायला कुणाला आवडत नाही.

इंद्रजित पुढच्या खुर्चीवर होता. म्हणाला, "पयल्या पानाला जा."

पहिल्या पानावर गावाचं नाव, दाव्याचा विषय आणि घरांची संख्या.

"यवराच? समिती कया हाय? फोटो नाय कोनाचा?"

"अर्ज हाय दादूस," क्रांती म्हणाली, "वाढदिवसाचा बॅनर नाय."

अख्खा मंडप हसला. राजाबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला. इंद्रजितही हसला, दात दाखवून. मग पेन ड्राइव्ह खिशात टाकून गाडीकडं गेला.

त्या पेन ड्राइव्हमध्ये दोन फायली होत्या. एक पक्की पीडीएफ. दुसरी मूळ, जिच्यात बदल करता येतो ती. गावाचा कागद गावाकडं राहावा म्हणून मूळ फाईलसुद्धा द्यायची, ही छापखान्याची शिस्त. गिऱ्हाइकाच्या मालाला आपण कुलूप लावायचं नसतं. त्या शिस्तीनंच घात केला.

शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र आलं. फाईलचं पहिलं पान. वर गावदेवी, मधे गॉगल लावलेला इंद्रजित, खाली समितीचे नऊ गोल फोटो. त्याखाली इंद्रजितचं वाक्य, दावा दाखल झाला, पावती मिळाली. त्याच्याखाली हात जोडलेल्यांची आणि फुलांची रांग लागली.

क्रांती चहा पीत होती. कप खाली ठेवला आणि चित्र मोठं करून बघितलं. पक्क्या पीडीएफमध्ये पान घालायचं तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते इथं कुणाकडं नाही, हे तिला माहीत होतं. म्हणजे कुणीतरी मूळ फाईल उघडली. ज्या मशीनवर उघडली तिथं फॉन्ट होता का?

आसपास असली पानं करणारा एकच माणूस. घणसोली गावातला बॅनरवाला कुंदन. ती रिक्षा करून गेली. कुंदन एका नगरसेवकाचा चेहरा गोरा करत बसला होता.

"ताई, मी काय केलं? दादा बोलले फोटो लाव, मी लावला. तुमची पीडीएफ उघडेना माझ्या सॉफ्टवेअरला, मग दुसरी होती ती घेतली. लई जड फाईल, तीनदा हँग झाली. शेवटी प्रिंट मारून पीडीएफ काढली."

"दाखव."

त्यानं दाखवली. पहिलं पान झगझगीत. दुसऱ्या पानापासून गाव नव्हतंच. एकशे सत्त्याऐंशी ओळी, आणि प्रत्येक ओळीत इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के. क्रांतीनं एका ओळीवर टिचकी मारली. काही झालं नाही. दुसऱ्या ओळीवर मारली. नुसती प्रिंट मारून काढलेल्या पीडीएफमध्ये लिंका राहत नाहीत, हे कित्येक वर्षं ती लोकांना सांगत आली होती. सगळ्या दोऱ्या तुटल्या होत्या. मागं साडेसातशे पानं पुरावे, कुणाचे कोणते ते देवालाही सांगता आलं नसतं.

"ही अक्षरं दिसली नाय तुला?"

"दिसली ना. मला वाटलं सरकारी कोड असेल."

तिनं घड्याळ बघितलं. पावणेपाच झाले होते, साइट सहाला बंद होणार होती. सहापर्यंत जुनी फाईल काढून नवी चढवता येत होती, पण त्यासाठी लागणारा ओटीपीचा आकडा इंद्रजितच्या मोबाइलवर यायचा. तिनं फोन लावला, त्यानं उचलला नाही. तो सेक्टरमधल्या कुठल्याशा फुटबॉलच्या मैदानाचं उद्घाटन करत होता. ती तिथं पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते आणि तो माइकपाशी उभा होता, गळ्यात हार.

ती थेट पुढं गेली. पन्नास माणसांत म्हणाली, "दादूस, फाईल फुकट गेली. कुंदननं वाट लावलीय. मोबाइल दे, मी बदलतंय."

पुढं बऱ्याच वेळा तिनं मनाशी कबूल केलं, की हे माणसांत बोलायला नको होतं. बाजूला घेऊन, गोड बोलून, दादा तुमचा फोटो राहू दे, मी तो नीट बसवते, असं म्हटलं असतं तर मोबाइल मिळाला असता. पण गोड बोलणं तिच्या अंगात नव्हतं, आणि सव्वापाचला शिकायला वेळही नव्हता.

इंद्रजितनं खिशातून मोबाइल काढला, फाईल उघडली, पहिलं पान तिच्यासमोर धरलं. "ही बघ. काय वाट लागलीय?"

"खाली सरकव."

"पावती आली ना? सरकारचा मशीन पावती देतो म्हंजे फाईल बरोबर. सगल्या गावात तुनाच अक्कल हाय का?"

"खाली सरकव फकस्त. एक पान."

"क्रांती," त्यानं आवाज खाली आणला, "त्या दिशी देवलात केलास, ता केलास. आज नाय." आणि मोबाइल खिशात घातला. कुणीतरी फुगे फोडले. माइकवाल्यानं त्याचं नाव पुकारलं.

ती साडेसहापर्यंत मैदानाच्या जाळीला टेकून उभी राहिली. सहानंतर कशासाठी उभी होती, तिलाच ठाऊक.

चार महिन्यांनी पत्र आलं. दाखल केलेली यादी वाचता येत नाही, पुरावे कोणत्या घराचे हे कळत नाही, सबब दावा विचारात घेता येत नाही. तीन ओळींत गाव निकालात निघालं.

पुन्हा सभामंडप. ह्या वेळी हसणं नव्हतं. इंद्रजित उभा राहिला आणि म्हणाला, "टायपिंग क्रांतीचा होता. मी काय कम्प्युटरवाला नाय."

क्रांती लॅपटॉप घेऊनच आली होती. तिनं आपली पीडीएफ उघडली, तारीख दाखवली. चिंचेखालचं घर, टिचकी, बिल. चक्कीमागचं, टिचकी, पावती. मग कुंदनकडून आणलेली फाईल उघडली. पहिलं पान, गॉगल. दुसरं पान, डॉलर आणि टक्के. अडाण्यालाही कळेल इतकं स्वच्छ. सगळ्यांना कळलंच.

माणसं चपला शोधल्यासारखी जमिनीकडं बघत राहिली. शेवटी जिवंत पोपट मढव्यांतला थोरला, वयानं ऐंशीचा, म्हणाला, "दाखवलास ता बरा केलास, पोरी. आता बंद कर."

"का नाना?"

"त्याना चोर ठरवला तर कार्यालयात जाईल कोन? तू? तुना शिपाई पायरी चरू देईल?"

इंद्रजित साहेबाला भेटूनच आला होता. साहेब म्हणाला होता, टंकलेखकाची चूक असेल तर तसं टंकलेखकानं लिहून, सही करून द्यावं. तांत्रिक चूक म्हणून फाईल पुन्हा घेता येईल. समितीची चूक असेल तर नाही, समितीला तारीख माहीत होती, नियम माहीत होते. म्हणजे क्रांतीनं चूक कबूल केली तर एकशे सत्त्याऐंशी घरांना दुसरी संधी. नाही केली, तर ती खरी आणि घरं गेली.

"माजी चूक नाय," ती म्हणाली.

"नाय," नाना म्हणाले. "कोन बोलतंय हाय म्हनून?"

मागून एका बाईचा आवाज आला, "सही त करायची हाय. हात थोरी ना कापायचाय."

क्रांतीनं राजाबाईकडं बघितलं. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचं घर रस्त्याच्या रेषेत येत होतं, पाडायला घेतलं तर पहिलं तेच. तिनं बोलायला हवं होतं असं क्रांतीला वाटलं, पण का बोलावं तिनं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून क्रांतीनं कबुलीजबाब टाइप केला. मी खाली सही करणार, क्रांती मढवी, लिहून देते की फाईल रूपांतरित करताना माझ्या निष्काळजीपणामुळे फॉन्ट व लिंका नष्ट झाल्या, समितीचा यात दोष नाही. मजकूर इंद्रजितनं सांगितला होता. निष्काळजीपणा हा शब्द टाइप करून तिनं तो पुन्हा एकदा वाचला. मूळ फाईल त्या पेन ड्राइव्हमध्ये टाकली होती ती तिनंच, एवढं तर खरं होतं. तेवढ्या खऱ्याच्या आधारानं तिनं बाकीचं खोटं पुरं केलं. शुद्धलेखन तपासलं, फॉन्ट आत बांधला, पीडीएफ केली, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उघडून बघितली. अक्षर न् अक्षर जाग्यावर होतं. मग छापून सही केली.

यादीची फाईलही तिनंच पुन्हा तयार केली. नऊ गोल फोटो आणि गॉगल तिनं स्वतः बसवला, मागची एकही लिंक न तोडता. त्यात कारागिरी होती, पण ती बघणारा कोणी नव्हता. कार्यालयानं फाईल ठेवून घेतली. पावसाळ्याआधी पहिली यादी लागली, दीडशेवर घरं पात्र. राजाबाईचं घर त्यात आहे, क्रांतीचंही आहे. इंद्रजितनं कमानीवर नवा बॅनर लावला, गावाच्या लढ्याला यश म्हणून.

कबुलीजबाबाची झेरॉक्स कार्यालयातून गावात कशी आली, ते कुणी सांगत नाही. ग्रुपवर ती दोन दिवस फिरली. सभामंडपात बसून सगळं डोळ्यांनी बघितलेली माणसंसुद्धा आता बोलताना म्हणतात, तिनं सही करून दिलंय ना, मग असंल काहीतरी. बाहेरून नांदायला आलेल्या सुनांना आणि भाड्यानं राहणाऱ्यांना तेवढंच ठाऊक आहे. पडवीत आता झेरॉक्सला माणसं येतात, आधार कार्डाची, पॅन कार्डाची. टायपिंग घणसोलीला जातं.

परवा राजाबाई आली. नातवाचं बारसं होतं, सांगायला आली होती. तडकलेल्या खुर्चीत बसली, चहा घेतला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मना ठाव हाय गो, तुजा काय चुकला नव्हता."

"मंग तवा बोलायचा होता, काकी."

"बोलली असती त माजा घर ऱ्हायला असता?"

नसतं राहिलं, हे क्रांतीलाही ठाऊक होतं.

"बारशाचा कार्ड कोनाकडं दिलाव?" तिनं विचारलं.

राजाबाईनं कप खाली ठेवला. "सुनेनं दिलाय कुंदनकडं. मी सांगितला होता तिला. ती बोलली, नको आई, पोराच्या नावाचा कागद हाय, कनाला उगाच धोका."

"बरा केला," क्रांती म्हणाली. आणि बाहेर झेरॉक्सला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातलं आधार कार्ड घेऊन तिनं मशीनचं झाकण उघडलं.